तक्तपोशीतली सैल गाठ

"एकही भोक राहता कामा नये," असं बुआखामने अख्ख्या आळीसमोर जावयाला बजावलं होतं, आणि आता तीच तोंड पाडून घरभर फिरत होती.

नणंद कैओमुनने तिच्या पायाखालच्या सागवानी तक्तपोशीला चाळण म्हटलं होतं. ते झोंबलं. मग जावई इन्सोम कामाला लागला. त्याने लाकडातल्या सैल गाठी ठोकून काढल्या, भेगा खरवडल्या, राळ तेलात कढवून तिच्यात त्याच फळ्यांचा भुसा कालवला आणि ही भेगा बुजवायची लांबी जरा फुगीरच भरली, सुकली की खाली बसते म्हणून. मग घासून सपाट केली, वर तेलाचा हात फिरवला. नाव ठेवायला जागा नाही.

दुखणं वेगळंच होतं. बुआखामच्या चटईशेजारची एक गाठ कधीचीच गळून गेली होती. घर उंच खांबांवर. खालच्या सावलीत गावच्या बाया माग लावून बसत आणि त्यांचा शब्द न् शब्द त्या भोकातून वर येई. कोणाचं कुठे बिनसलं ते बुआखामला त्यांच्या नवऱ्यांआधी कळे. गावाला वाटे, हिला पितर येऊन सांगतात. आता तिथे नवी गाठ बसून भोक बुजलं, आणि परत मागायचं कोणत्या तोंडाने?

आज भिक्खू जेवायला यायचे होते. खाली कैओमुन चिकट भात वाफवत बायकांशी बोलत होती. तक्तपोशीबद्दलच असणार, वर नुसती गुणगुण येत होती.

इन्सोम पानाचं तबक ठेवायला वाकला आणि हळूच म्हणाला, "आई, ती गाठ मी चिकटवलेली नाही. नखाने उचला."

"मला काय करायचंय तिचं?"

"काही नाही. लग्नाआधी तुमच्या लेकीला भेटायला मी संध्याकाळी खाली यायचो ना, मी बोलायला लागलो की त्या भोकातून पडणारा उजेड जायचा."

बुआखामचे कान तापले. दारूला शिवणार नाही, सासूला उलट बोलणार नाही, ही सगळी वचनं मेल्याने वर बघून दिली होती तर!

"म्हणजे वचनं मला दिलीस. मग पाळायचीही मलाच."

"पाळतोय की," म्हणत तो हसत निघून गेला.

तिने गाठ उचलून कान लावला. कैओमुन म्हणत होती, "पोराने तक्तपोशी आरशासारखी केलीय गं. पण वहिनीला सांगू नका, डोक्यावर बसेल."

बुआखामने गाठ जागच्या जागी बसवली, लुगडं सारखं केलं आणि तोऱ्यात जिना उतरली.

"काय वन्सं," ती म्हणाली, "आरशासारखी झालीय ना?"

कैओमुनच्या हातातला डाव भातातच राहिला.