अर्धी पट्टी खाली

मी बास गिटार बोलतेय. साधी गिटार नाही हं, ती वेगळी. तिला सहा तारा, मला चार. तिची तार बारीक, आणि माझी सगळ्यात जाड तार म्हणजे सायकलच्या ब्रेकच्या वायरीएवढी. ती पुढे उभी राहून मिरवते. मी मागे, ड्रमच्या शेजारी. ती वाजली की लोक माना डोलावतात. मी वाजले की लोकांच्या खुर्चीखालची फरशी जरा थरथरते, पण ती कुणामुळे थरथरते हे कुणी विचारत नाही.

एका लांबलचक शेडमध्ये माझा जन्म झाला. माझ्या पाठीवरून पॉलिश पेपर घासणारी एक बाई होती. घासता घासता शेजारणीशी सारखी बोलायची, मुलीला खोकला झालाय, उद्या रजा मिळेल का म्हणून. त्यामुळे माझी पाठ डावीकडे जरा जास्त घासली गेली. अजून हात फिरवला तर हाताला लागतं.

मग दुकानात टांगले गेले. पुष्कळ दिवस. येणारा प्रत्येक जण मला बघून तोच विनोद करायचा, "हिच्या दोन तारा तुटल्यात का हो?" दुकानदारही पहिल्यांदा हसल्यासारखं दर वेळी हसायचा. शेवटी एका गृहस्थांनी मला घेतलं आणि आठव्या दिवशी परत आणलं. "हिच्यावर एकही गाणं ओळखू येत नाही," म्हणाले. बरोबरच आहे. माझ्यावर गाणं वाजतच नाही. गाणं ज्याच्यावर उभं राहतं, ते वाजतं.

हे ज्याला कळलं, तो माझा माणूस. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचं काम करतो. दिवसभर मान खाली. समोर गिऱ्हाईक फ्रेम निवडतं, आरशात बघतं, खूश होऊन जातं. ज्या काचेतून त्याला दिसतं, ती घासणारा मागे असतो. मला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा त्याने एकच जाड सूर छेडला आणि कान माझ्या लाकडाला टेकवला. दुकानदार म्हणाला, "अहो, स्पीकरला लावून ऐका की!" तो म्हणाला, "नको. ऐकू आलं."

आमचा बँड चौघांचा. कीबोर्ड वाजवणारे दादा, त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान. बँड त्यांचा, म्हणजे गाडी त्यांची, स्पीकर त्यांचे आणि शेवटचा शब्दही त्यांचा. गाणाऱ्या मॅडम शाळेत शिकवतात. आणि ड्रमवर मिस्त्री, दुचाकी दुरुस्त करतो. त्याच्या काठ्यांना ग्रीसचा वास यायचा. शनिवारी दादांच्या गोदामात पंख्यांच्या खोक्यांमध्ये तालीम, रविवारी कुठे ना कुठे कार्यक्रम. कुणाचा वाढदिवस, कुठल्या ऑफिसचं स्नेहसंमेलन. सहा वर्षं. सहा वर्षांत "तुमचा बास छान होता" असं आम्हाला एकदाच कुणी म्हणालं, आणि तो स्पीकर उचलायला आलेला माणूस होता.

दादांनी मध्ये नवा कीबोर्ड घेतला. त्याच्या डाव्या बाजूला माझ्यासारखा आवाज निघतो. तेव्हापासून दादा गमतीगमतीत म्हणायचे, "बघ रे, आता डाव्या हाताने मी तुझंही काम करतो." माझा माणूस हसायचा. पण गाडीतून उतरताना मला जरा घट्ट धरायचा. त्याला दुसरं काही नकोच होतं. आठवडाभर काचा, आणि रविवारचे दोन तास मी. ते दोन तास गेले असते, तर नुसत्या काचा राहिल्या असत्या.

मग घरात बाळ आलं.

घर म्हणजे दीड खोली. मी कपाटाला टेकून उभी असायचे. बाळ रांगायला लागल्यावर माझ्या माणसाच्या बायकोने मला नीट निरखलं. रागाने नाही. एखाद्या अनोळखी कुत्र्याकडे बघावं तसं. "अहो, ही पडली तर? केवढी जड आहे!"

"नाही पडत गं."

"पडायच्या आधी सगळेच असं म्हणतात."

तिने जुन्या चादरीचा काठ फाडून मला कपाटाच्या मुठीला बांधलं. गाठ मारली, ओढून बघितली, परत मारली. तिची सगळीच कामं तशी. गॅस बंद केला की परत जाऊन बघायचा. बाळ झोपलं की नाकाखाली बोट धरायचं. जास्त वेळ झोपलं की काळजी, कमी झोपलं की काळजी. दिवसभर मी आणि ती दोघीच घरात. तिचे ओठ कधी मिटलेले मी पाहिले नाहीत, सारखी काहीतरी मोजत असायची. दुधाचे चमचे, ओले लंगोट, शिंका.

त्या शनिवारी तालीम अर्ध्यावर आली आणि तिचा फोन आला. फोन कानाला लावूनही आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "अहो, बाळाला ताप आहे. अंग तापलंय नुसतं. आत्ताच्या आत्ता या."

दादांनी भुवया उंचावल्या. "काल लस टोचून आणलीस ना रे? मग ताप येतोच. आमच्या दोघांना आला होता."

"हो, पण ती घाबरलीय."

"ती रोजच घाबरते."

माझ्या माणसाने वायर काढली. मला गवसणीत घातलं आणि निघाला. दोघं रात्रभर आळीपाळीने बाळाच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत बसली. सकाळी ताप उतरला. बाळ हसलं. यांची तोंडं मात्र उतरलेलीच.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात सूर कीबोर्डच्या पट्ट्यांवरून सांगतात. मॅडम नेहमी काळी चारमध्ये गायच्या. आम्ही तालमीतून गेल्यावर मॅडमचा घसा बसला होता म्हणून सगळी गाणी अर्धी पट्टी खाली आणली. पांढरी पाच. दादांच्या कीबोर्डला एक बटण आहे. ते दाबलं की बोटं पूर्वीच्याच पट्ट्यांवर पडतात, पण आवाज अर्धी पट्टी खालचा येतो. दादांनी बटण दाबलं, मॅडमना बरं वाटलं, तालीम संपली.

आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

रविवारी दुपारी एका ऑफिसचं स्नेहसंमेलन होतं. मोठं सभागृह, पुढच्या रांगेत साहेब लोक. माझा माणूस डोळे चोळत चढला. त्याची जुनी सवय, वाजवताना दादांच्या बोटांकडे बघायचं. बोटं जिकडे, तिकडे आम्ही. बघितलं, तर बोटं काळी चारवर. मग आम्हीही काळी चारवर.

कसं सांगू? घराला भिंती एकीकडे आणि जमीन दुसरीकडे सरकावी तसं झालं. मला लगेच कळलं, पण मला कुठे तोंड आहे? त्याला काहीतरी खुपत होतं, पण शेजारी ड्रमचा दणका, पायाशी स्वतःचाच स्पीकर, आणि रात्रभराचं जागरण. तो बोटांकडे बघून पुन्हा पुन्हा खात्री करत राहिला. बोटं बरोबर होती.

लोकांना बास चुकला हे कळत नाही. लोकांना एवढंच कळतं की गाणं वाईट वाटतंय. आणि गाणं म्हटलं की तोंड बघायचं ते गाणारीचं. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "आवाज लागत नाहीये हो यांचा." मॅडमनी ऐकलं. त्या सूर सावरायला वर चढल्या, मग खाली आल्या, घसा खाकरला. दुसरं कडवं सुरू होताना माझ्या माणसाने अंदाजाने बोट एक घर मागे घेतलं, आणि सगळं एकदम जागच्या जागी बसलं. त्याच्या हाताला घाम फुटला. माझ्या मानेला लागला तो.

पण तोवर मॅडम खचल्या होत्या. पुढची तीन गाणी त्यांनी चाचपडत म्हटली, शेवटची दोन म्हटलीच नाहीत.

मागच्या खोलीत दादांनी दार लावून घेतलं.

"मॅडम, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आज लाज गेली."

"माझा घसा..." मॅडम म्हणाल्या.

"घशासाठी पट्टी खाली आणली होती की! तरी लागला नाही. वयाप्रमाणे होतं असं. आपण दुसरी कुणीतरी बघू, तुम्ही अधूनमधून एखादं गाणं म्हणा."

मॅडम पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. शोधायचं काही नव्हतं.

माझा माणूस माझी वायर गुंडाळत होता. चूक कुणाची, हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि मला. तो गप्प बसला असता तर कुणाला कधीच कळलं नसतं. बोलला असता तर दादांना हवंच होतं ते कारण मिळणार होतं. वायरीचे तीन वेढे झाले. चौथ्याला हात थांबला.

"दादा, मॅडम बरोबर होत्या. मी वर वाजवत होतो. काळी चार."

"काय?"

"पहिलं गाणं अर्धं होईपर्यंत. मला माहीतच नव्हतं खाली आणलंय ते."

"अरे, कानात काय बोळे घातले होतेस?"

"तुमच्या बोटांकडे बघत होतो."

मिस्त्री म्हणाला, "पण याला सांगितलं कुणी?"

"मला वाटलं, तू सांगशील," दादा.

"मला वाटलं, मॅडम सांगतील."

मॅडमनी पर्स बंद केली आणि माझ्या माणसाकडे बघितलं. 

खाली उतरल्यावर दादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वाईट माणूस नाही तो. "पुढच्या रविवारी जागा लहान आहे. तिघंच जाऊ म्हणतो. तू बाळाकडे बघ जरा." त्याच्या पुढच्या रविवारीही जागा लहानच निघाली. मग फोन यायचेच थांबले.

घरी त्याने एवढंच सांगितलं, "कंटाळा आला. थोडे दिवस सोडलंय." बायकोला बरं वाटलं असावं. रविवारी नवरा घरी, बाळाला धरायला दोन हात जास्त. ती माझ्या गवसणीवर बाळाची झबली वाळत घालू लागली. 

दोन महिन्यांनी मॅडम घरी आल्या. बाळाला बघायला म्हणून. तो दुकानात होता. चहा झाला, बाळाचे दात झाले, आणि मग मॅडमनी सगळं सांगितलं. बटण, बोटं, मागची खोली. "त्या दिवशी तुमचे हे बोलले नसते, तर मी गाणं कायमचं सोडलं असतं. मीही म्हणाले होते दादांना, त्याला काढू नका म्हणून."

"काढलं?" तिने विचारलं. "ते तर म्हणाले कंटाळा आला."

मॅडम गेल्यावर ती बराच वेळ बाळाला मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसून राहिली. मग उठून तिने फोन लावला.

"दादा, मी बोलतेय. त्या दिवशी फोन मी केला होता. लसीचाच ताप होता, लसीनंतर येतोच असं सासूबाई सांगून गेल्या होत्या, तरी मीच घाबरले. त्यांची काही चूक नाही हो. मी परत असा फोन नाही करणार."

पलीकडून दादा हसले. मऊ आवाजात म्हणाले, "वहिनी, त्याचं काही नाही मनात. खरं सांगू? कीबोर्डवर भागतंय आता. गाडीतही जागा होते."

ती "बरं" म्हणाली. फोन ठेवला आणि झबली माझ्यावरून काढून दोरीवर टाकली.

संध्याकाळी तो आल्यावर तिने सगळं सांगितलं. "मी तो फोन केला नसता तर..."

"तर काय? ताप होता ना?"

"साधा होता."

"तेव्हा कुठे माहीत होतं साधा आहे ते? मीही घाबरलो होतो. फक्त मी बोलत नाही."

"दादा म्हणाले, त्यांचं भागतंय."

"भागणारच," तो म्हणाला. आणि खूप दिवसांनी मोकळा हसला. त्या हसण्यात काही सुटल्यासारखं होतं.

मग त्याने गाठ सोडून मला बाहेर काढलं. मला वाटलं, वाजवणार. त्याने माझ्या खुंट्यांना हात घातला आणि जाड तारेपासून एकेक तार उतरवायला लागला.

"हे काय? आता वाजणार नाही ती?"

"वाजेल की. चढवायला पाच मिनिटं लागतात."

"मग सैल कशाला करताय?"

"चारही तारा रात्रंदिवस मान ओढत असतात गं तिची. वाजवत असताना ठीक आहे. नुसतंच उभं राहायचं असेल, तर कशाला ओढ?"

तिने जरा वेळ बघितलं. मग बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं, "धरा बाळाला जरा," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. गॅस तपासायला उठली नाही.

तेव्हापासून मी अशीच आहे, सैल. तो कधी चढवेल, चढवेल की नाही, मला ठाऊक नाही. मॅडमचा निरोप आलाय, शाळेत काहीतरी छोटं करू या का म्हणून. तो "बघू" म्हणालाय. मला घाई नाही. खरंच नाही. फक्त तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी कोपऱ्यात ताणून उभं असेल, तर एवढं करा. वाजवायचं तर वाजवा. नसेल वाजवायचं, तर तारा तरी उतरवा.

आता पुरे करते बोलणं. बाळाचा आत्ता कुठे डोळा लागलाय.