चढणीच्या खुणा

“ही खूण? ही दिसत नाही? अहो, आंधळ्याच्यासुद्धा हाताला लागेल ही!”

दगडावर असं खेकसून तोफेने मोबाइल पुढे धरला आणि फोटो काढला. पिवळाधमक बाण, तळहाताएवढा, भोवती पांढरी किनार. एकोणिसावा. असे एकूण बासष्ट होते, आणि बासष्टच्या बासष्ट फोटो मंडळाच्या खोलीत सगळ्यांच्या नाकासमोर नाचवल्याशिवाय तिला आज चैन पडणार नव्हतं.

तोफ म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारी. घरचं नाव काहीतरी फार गोड होतं, पण शाळेपासून सगळे तोफच म्हणायचे, आणि का ते तिच्याशी दोन मिनिटं बोललं की कळायचं. बाजारातली निम्मी अक्षरं तिच्या हातची. म्हणून तर डोंगर-मंडळाने शिखराच्या वाटेवर खुणा रंगवायचं काम तिला दिलं होतं. दोन दिवस रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन ती चढली. दोन्ही दिवस शिखरावरून पलीकडे उतरली, कारण पलीकडच्या डांबरी रस्त्यावर अध्यक्षांची जीप उभी असायची. अध्यक्षांनी खोलीतल्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘खुणा : काम पूर्ण’. झालं, वाजली टाळी.

आणि मग मास्तर हरवले.

मास्तर म्हणजे गणिताचे. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालेली, पण हा डोंगर त्यांच्या अंगणासारखा. एकटेच गेले, धुक्यात अडकले, रात्र वरच काढली, आणि सकाळी पायथ्याला दूधवाल्याला सापडले तेव्हा घोटा मोडलेला. चौथ्या दिवशी प्लास्टर घालून, कुबडीवर टकटक करत बैठकीला हजर. सून मागे पाण्याची बाटली घेऊन.

“खुणा चुकल्यात,” मास्तर म्हणाले. “म्हणजे—”

“खुणा नाही चुकल्या, मास्तर. तुमचा चष्मा चुकलाय!”

सगळे खो खो हसले. मास्तर हसले नाहीत. ते उठले, टकटक करत फळ्यापाशी गेले, खिशातून खडू काढला (खडू अजून खिशात असायचा, आता बोला!) आणि ‘काम पूर्ण’च्या पुढे एक फुली मारली. एक रेघ आखूड, दुसरी लांबलचक.

तोफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती फुली तिने पाच वर्षं पाहिली होती. वहीच्या पानापानावर. भागाकाराला फुली, अपूर्णांकाला फुली, भूमितीला तर दोन-दोन. तिने तिथल्या तिथे बाहीने ती फुली पुसली.

पण पुसून काय होतं? दुसऱ्या दिवसापासून जो तो दात काढायला लागला. किराणावाला म्हणाला, “काय गं, माझ्या पाटीवरचा बाण तरी दुकानाकडेच आहे ना? नाहीतर गिऱ्हाईक शेजारी जायचं.” नवीन दवाखान्याची पाटी तिला मिळणार होती, त्या डॉक्टरीणबाई आता ‘बघू’ म्हणत होत्या. आणि मास्तरांची सून वेगळंच घेऊन बसली. तिने सासऱ्यांचे डोंगरातले बूट कपाटात घालून कुलूप लावलं आणि अध्यक्षांना सांगून आली, “रंगवणारीच म्हणते, बाबांना दिसत नाही आता. तुम्ही नाव काढून टाका त्यांचं मंडळाच्या यादीतून. मला घोर नको.” त्याचा फैसला आज संध्याकाळी पाचला व्हायचा होता.

“होऊ दे फैसला,” तोफ विसाव्या बाणाला म्हणाली आणि फोटो काढला.

वर पोचेपर्यंत तिच्याकडे बासष्ट फोटो होते आणि नऊ व्हिडिओ. व्हिडिओत फक्त शिव्या होत्या, सभ्य, पण शिव्याच. एक बाण सोडून दुसरा शोधायला मान वळवावी लागली नव्हती. शिखरावर बसून तिने पाव आणि उकडलेलं अंडं खाल्लं, तेही रागाने, आणि संध्याकाळी काय काय बोलायचं ते तीनदा घोकलं. “मास्तर, हे घ्या. बासष्टपैकी बासष्ट. आता द्या शेरा!” मोबाइलची बॅटरी चार टक्के होती. असू दे. उतरायला कशाला लागतो मोबाइल?

आज पलीकडे जीप नव्हती. स्कूटर इकडच्या पायथ्याला. म्हणजे आल्या वाटेनेच उतरायचं.

निम्मं अंतरही झालं नसेल, आणि खालून धुकं आलं. येतं म्हणजे काय, कोणी अंगावर गोधडी टाकावी तसं. आधी खालची झाडं गेली, मग दगड गेले, मग स्वतःचे बूट. तोफ थांबली आणि बाण शोधायला लागली. डावीकडे दगड, कोरा. उजवीकडे दगड, कोरा. पुढे वीस पावलं गेली, एक मोठा शिळाखंड आला. ह्याच्यावर नक्की होता, पस्तिसावा, ह्याच्यावर तर तिने दोन हात दिले होते रंगाचे!

कोरा.

“पुसलं!” ती किंचाळली. “म्हातारा येऊन पुसून गेला!”

मोडक्या घोट्याने म्हातारा इथवर कसा येईल, हा विचार यायला दोन मिनिटं लागली. तोवर तिने मास्तरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. मग ती चिडून त्या शिळेला वळसा घालून खाली गेली, तिला लाथ मारायला म्हणून वळली आणि तशीच उभी राहिली.

बाण होता. पिवळाधमक, पांढऱ्या किनारीचा, अगदी जसाच्या तसा. शिळेच्या खालच्या अंगाला. चढून येणाऱ्या माणसाच्या बरोब्बर डोळ्यांसमोर.

लाथ मारायला उचललेला पाय तिने हळूच खाली ठेवला.

बासष्ट. बासष्टच्या बासष्ट खालच्या अंगाला. ती डबा घेऊन चढत होती, समोर दगड आला की समोरच रंगवत होती, आणि उतरत होती जीपमधून. ह्या वाटेने उतरून कोणी बघितलं? कोणी नाही. म्हणजे एकाने बघितलं होतं. ‘म्हणजे—’ म्हणाले होते.

“मग पूर्ण बोलायचं ना!” ती धुक्यावर ओरडली. “तोंडाला काय कुलूप होतं?” पण हे ओरडणं तिला स्वतःलाच जरा पोकळ वाटलं. कुलूप कोणी लावलं ते तिला पाठ होतं.

मोबाइल काढला तर तो तिच्या हातातच काळा झाला. सगळे पुरावे आत, आणि ती बाहेर.

मग तिने एक युक्ती काढली. दहा पावलं उतरायचं, वळायचं, वर बघायचं. बाण दिसला तर वाट बरोबर. नाही दिसला तर परत वर. असं सरड्यासारखं मागे-पुढे करत ती तासभर उतरली, आणि शेवटी जिथे डोंगराची सोंड फुटते तिथे आली. समोर दोन घळी. दोन्ही दगडगोट्यांच्या, दोन्ही धुक्यात उतरणाऱ्या, जुळ्या बहिणींसारख्या. वर येताना इथे खूण कशाला करायची? घळ संपली की माणूस आपोआप सोंडेवर. म्हणून तिने केलीच नव्हती.

“डावी,” ती मोठ्याने म्हणाली, कारण हळू म्हटलं असतं तर स्वतःलाच पटलं नसतं.

डाव्या घळीत चार पावलं टाकली आणि पायाखालचे गोटे निसटले. धप्पकन बसली. कोपर सोललं, गुडघा फुटला. निसटलेले गोटे मात्र थांबले नाहीत. गडगडत खाली गेले, गडगडले, गडगडले, आणि मग आवाजच बंद. मनात पाच मोजेपर्यंत बंद. मग खूप खालून, बारीक, टक.

तोफ हलली नाही. श्वाससुद्धा जपून घेतला. मग बसल्या बसल्या, हात मागे टेकत, इंच इंच वर सरकली. आणि घळीच्या तोंडाशी पोचून मान वळवली तेव्हा, बसल्या माणसाच्या नजरेच्या उंचीला, एका पुढे झुकलेल्या कोरड्या कपारीच्या पोटात, तिला ते दिसलं.

फुली. पांढरी, खडूची. एक रेघ आखूड, दुसरी लांबलचक.

उभी असताना ती दिसलीच नसती. उभं राहता येणाऱ्या माणसाने ती काढलीच नव्हती.

तोफेने तिच्यावर बोट ठेवलं नाही, पुसेल म्हणून. गुडघ्यांवरच रांगत ती दुसऱ्या घळीपाशी गेली आणि तेवढ्याच उंचीवर शोधायला लागली. होती. बरोबरची खूण, छोटीशी, शेपटी वर गेलेली. पाच वर्षं शाळेत जी तिच्या वाट्याला आली नव्हती, ती.

“एवढं केलंत,” ती दात-ओठ खात म्हणाली, “आणि बैठकीत एका शब्दाने नाही सांगता आलं?”

मंडळाच्या खोलीत ती पोचली तेव्हा सव्वासहा झाले होते. गुडघ्यावर रक्त वाळलेलं, केसांत काटक्या. मास्तर खिडकीशी पाय स्टुलावर ठेवून बसले होते, शेजारी सून, किल्ल्यांचा जुडगा मांडीवर. यादी अध्यक्षांच्या हातात, फैसला तिच्या फोटोंसाठी खोळंबलेला. काही न बोलता तिने मोबाइल चार्जरला लावला. तो चालू झाल्याबरोबर अध्यक्षांनी उचलला आणि एकेक फोटो सरकवत सगळ्यांना दाखवायला लागले.

“वा! काय स्वच्छ बाण आहे. हा बघा. हा बघा. मास्तर, रागावू नका, पण हे दिसलं नाही म्हणजे...”

“मी म्हणतच होते,” सून हळूच म्हणाली. त्यात आनंद नव्हता, नुसता थकवा होता. “बाबा, पुरे झालं आता.”

मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

“तोफे, जिंकलीस गं!” किराणावाला म्हणाला. “माझे शब्द परत घेतो. डॉक्टरीणबाईंना मीच सांगतो.”

“मग घेऊ ना लिहून?” अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं. “खुणा बरोबर. मास्तरांचं नाव—”

“लिहाल तर खबरदार!”

 तोफ टेबलापाशी आली, लंगडत.

“चढतानाचे आहेत सगळे. उतरतानाचा एक काढून दाखवा. एक!”

अध्यक्षांनी बोटाने पुढे सरकवलं, मागे सरकवलं, पुन्हा पुढे. मग बोट थांबलं.

तोफ मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली आणि हात पुढे केला. तिचा चेहरा भांडायला आल्यासारखाच होता. मास्तरांनी तिच्या फुटलेल्या गुडघ्याकडे बघितलं, सोललेल्या कोपराकडे बघितलं, आणि खिशातून खडू काढून तिच्या हातावर ठेवला.

ती फळ्यापाशी गेली. ‘खुणा : काम पूर्ण’. इतक्या जोरात फुली मारली की खडूचे दोन तुकडे झाले.

 मग मागून मास्तरांचा आवाज आला.

“दुसरी रेघ लांब हवी.”

“मास्तर!” ती गर्रकन वळली. “तुम्ही ना...”

“लांब हवी. धुक्यात दिसत नाही नाहीतर.”

तोफेने दात-ओठ खाल्ले, फुली बाहीने पुसली आणि पुन्हा काढली. ह्या वेळी दुसरी रेघ फळ्याच्या चौकटीपर्यंत गेली.

मागे किल्ल्यांचा आवाज झाला. सून जुडग्यातून एक किल्ली सोडवायला बघत होती. कडी घट्ट होती, आणि तिच्या बोटांना ती लगेच सुटत नव्हती.