शिवण तुझी, ताण माझा

छोटीची चाळिशी उलटली होती, पण घरात आणि दुकानात ती छोटीच. तिच्या बाबांचं गाड्यांच्या सीटा आणि अस्तरं करायचं दुकान होतं, आणि त्या दुकानात एकच कायदा चाले: शिवण तुझी, ताण माझा. म्हणजे छोटीने मशीनवर बसून वाटेल ते शिवावं, पण शिवलेलं कापड गाडीत चढवायचं, ओढून ताणून बसवायचं, ते बाबांनी. या कायद्याविरुद्ध दाद मागायची तर न्यायाधीशही बाबाच, त्यामुळे छोटी कधी त्या भानगडीत पडली नव्हती.

मग बाबांचा उजवा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. सीटा कशाबशा जमत होत्या, पण गाडीचं छत डोक्यावर असतं, त्याला कोण काय करणार? शेजारच्या टायरवाल्याला याचा सुगावा लागायला वेळ लागला नाही. त्याला जागा वाढवायची होतीच. "काका, खूप केलंत आयुष्यभर. आता चावी द्या आणि आराम करा," असं तो येता-जाता म्हणायला लागला. बाबांनी त्याला नाही म्हटलं नाही. छोटीला लागलं ते हेच. नाही म्हणणं हा बाबांचा सगळ्यात जुना धंदा होता, आणि तोही त्यांनी बंद केला होता.

अशात ती गाडी आली. बदकासारख्या गोल पाठीची, बाबांच्या वयाची. बाहेरून चकचकीत, पण आतलं छताचं कापड इतकं लोंबत होतं की मालक टोपी घालून गाडी चालवत होते. बाबा तोंड उघडणार, एवढ्यात छोटी म्हणाली, "ठेवून जा. होऊन जाईल."

मालक गेल्यावर बाबांनी विचारलं, "चढवणार कोण?"

"मी."

"शिवणं वेगळं, चढवणं वेगळं."

"माहीत आहे. जन्मभर तेच ऐकतेय."

बाबांनी लोंबणारं कापड चिमटीत धरून पाहिलं. "बघू. एक सुरकुती दिसली, तर सोमवारी चावी टायरवाल्याकडे."

"आणि नाही दिसली तर?"

बाबा खांदा चोळत आत निघून गेले. हे दुकान गेलं तर ती नुसती घरात बसली नसती, कुठेही शिवणकाम मिळालं असतं. पण तिला ते कुठेही नको होतं. तिला हेच हवं होतं, खळीच्या वासाचं, खिळ्याला टांगलेल्या कात्र्यांचं. आणि एकदा तरी ताण तिचा हवा होता.

जुन्या गाड्यांच्या छताचं कापड चिकटवलेलं नसतं. छताखाली आडव्या, कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी सळ्या असतात. कापडाला पायजम्यासारखे नेफे शिवायचे, नेफ्यातून सळ्या ओवायच्या आणि सळ्यांची टोकं दोन्ही बाजूंच्या भोकांत बसवायची. प्रत्येक सळीचा बाक वेगळा. दिसायला सगळ्या बहिणी-बहिणी, पण एकीची जागा दुसरीला चालत नाही. म्हणून छोटीने जुनं कापड उतरवताना प्रत्येक सळीवर खडूने खूण केली, सळ्या ओळीने भिंतीला लावल्या आणि ती नवं कापड आणायला बाजारात गेली.

परत आली तेव्हा सळ्या लखलखत होत्या. बाबांना हात वर करता येत नव्हता, पण टेबलावर चालत होता ना. त्यांनी सगळ्या सळ्या पॉलिश पेपरने घासून काढल्या होत्या आणि वर काळा रंग मारला होता.

"बाबा, खुणा?"

"कसल्या?" म्हणता म्हणताच बाबांचा चेहरा उतरला. पण ते बाबा होते. "गंज होता. गंजावर नवं कापड चढवायचं? सहा महिन्यांत डाग पडले असते."

ते खरं तेच बोलत होते, त्यामुळे छोटीला जास्त संताप आला. चुकलेल्या माणसाशी भांडता येतं, बरोबर असलेल्या माणसाशी कसं भांडणार?

तिने कापड शिवलं, नेफे घातले आणि सळ्या अंदाजाने लावल्या. लांब मधे, आखूड कडेला, एकसारख्या दिसल्या त्या कुठेही. कापड ओढायला घेतलं तशी एक सुरकुती उठली, तिला दाबली तर दुसरीकडे दोन. थोड्याच वेळात छतावर सुरकुत्यांचं सगळं खानदान गोळा झालं. बाबा दारात उभे होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"उतरव," ते हळूच म्हणाले. "कठीण असतं ते."

ती समजूत काढणारी भाषा ऐकून छोटीचं डोकं फिरलं. तिने सगळं उतरवलं आणि तावातावाने मागच्या घरात गेली. "आई, जुनं कापड कुठे गेलं? कोपऱ्यात ठेवलं होतं मी. त्यावरून तरी सळ्या जुळवता येतील."

"ते कळकट? धुतलं. चांगली फडकी होतील त्याची."

छोटी कपाळाला हात लावून खालीच बसली. नवरा खुणा पुसतो, बायको उरलंसुरलं धुऊन काढते. या घराला स्वच्छतेने ग्रासलं होतं.

"पण मेलं निघालं नाही गं नीट," आई ओशाळून म्हणाली. "ते तांबडे पट्टे काही हलेनात. हात दुखून आले घासून."

छोटी ताडकन उठली आणि दोरीकडे धावली. कापड उन्हात डोलत होतं, शुभ्र, आणि त्यावर आडवे गंजाचे पट्टे, जिथे जिथे नेफा होता तिथे.

तिने कापड दुकानाच्या फरशीवर पसरलं. पट्ट्याची लांबी म्हणजे सळीची लांबी. बहुतेक सळ्या तशाच सापडल्या. पण मधल्या दोन अगदी एकसारख्या लांबीच्या, आणि गोची तिथेच होती. मग तिला दिसलं की पट्टे सगळीकडे सारखे गडद नाहीत. जिथे गंजाने पोलाद खाल्लं होतं तिथे डाग काळपट होता. तिने डोळे मिटले आणि सळीवरून बोट फिरवलं. रंगाखाली बारीक खड्डे लागत होते. बाबांनी गंज काढला होता, पण गंजाने खाल्लेलं थोडंच भरून येतं? सळी पट्ट्यावर ठेवली. खड्डे डागांवर बसले. दुसरी ठेवली. तीही बसली, आणि डावं टोक कोणतं, उजवं कोणतं, तेही कळलं.

बाबा केव्हा येऊन शेजारी मांडी घालून बसले ते तिला कळलं नाही. ते म्हणाले, "खुणा मी पुसल्या, छोटे."

"हो. आणि आईला डाग निघाले नाहीत म्हणून वाचलो."

"प्रयत्न केला होता मी," आई दारातून म्हणाली.

या वेळी छोटीने खडू घेतला नाही. कानस घेतली आणि प्रत्येक सळीच्या डाव्या टोकाला तिच्या नंबराइतक्या खाचा पाडल्या. आता घासा म्हणावं किती घासायचं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडीत शिरली. बाबा दाराशी स्टूल टाकून बसले, काही बोलायचं नाही असं ठरवून. मागची सळी बसली, मग पुढची, मग तिच्या पुढची, प्रत्येक आपापल्या घरी. छोटीने कापड आधी पुढे-मागे ओढलं, कडेला खळ लावली आणि आईचे कपड्यांचे चिमटे लावत गेली. मग बाजू घेतल्या, शिवणीच्या रेषेत, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. आणि तिथे तिला अशी गोष्ट कळली जी बाबांना कधीच कळली नव्हती. बाबांनी जन्मभर दुसऱ्याच्या शिवणीला ताण दिला होता. ही शिवण तिची स्वतःची होती. कुठे टाका घट्ट पडलाय, कुठे कापड अजून सूतभर देईल, हे तिच्या हाताला आधीच ठाऊक होतं. ती ओढत होती आणि कापड ऐकत होतं.

मागच्या काचेच्या कोपऱ्यात एक सुरकुती अडून बसली. छोटीने केटलीची वाफ दिली, तळहात फिरवला, चिमटा काढून केसभर ओढलं. सुरकुती गेली. तिने छताला टिचकी मारली. डफासारखा आवाज आला. बाबांनी मान खाली घातली, आणि त्यांचे डोळे भरून आल्याचं तिने बघितलं. तिलाही रडू आलं असतं, पण छतातल्या दिव्याचं भोक कापायचं राहिलं होतं.

ते सगळ्यात शेवटी कापायचं असतं. पातं जरा घसरलं की सगळं अस्तर वाया. त्यासाठी बाबांचं एक छोटं वाकडं पातं होतं, ज्याला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती. बाबांनी ते खिशातून काढलं, बाहीला पुसलं आणि मुठीकडून तिच्यापुढे धरलं. छोटीने श्वास रोखून फुलीसारखी चीर दिली, तारा बाहेर घेतल्या आणि दिवा बसवला.

सोमवारी टायरवाला आला तेव्हा बाबा गाडीच्या मागच्या सीटवर उताणे पडले होते, पाय दाराबाहेर. आतला दिवा लागला होता. सकाळपासून ते एक सुरकुती शोधत होते.

"काका, चावीचं काय ठरलं?"

"मला काय विचारता?" आतून आवाज आला. "मालकीण मशीनवर बसली आहे."

टायरवाला वळला. छोटीचा पाय मशीनवर थबकला. बाबांच्या तोंडावर म्हणायचं म्हणून तिने जन्मभर बरंच काही साठवून ठेवलं होतं, त्यातलं आता एकही आठवेना.

"चावी नाही मिळायची," ती म्हणाली. "पण या गाडीचे टायर पार गुळगुळीत झालेत. मालकांना तुमच्याकडेच पाठवते."

टायरवाला हसला, डोकं खाजवलं आणि आपल्या दुकानात निघून गेला. बाबा तसेच पडून होते, छताकडे बघत.

"छोटे," ते म्हणाले, "उद्यापासून सीटा मी शिवेन. मशीनवर हात चालतो माझा."

"शिवा की," छोटी म्हणाली. "शिवण तुमची."