भिंत वाजवण्याचा दिवस

मडकं घेताना लोक बोटाने वाजवून पाहतात. टरबूज घेतानाही.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत दिवसाला साठेक तक्रारी येतात. बहुतेकींसमोर एकच शेरा असतो: पाहणी केली, ठीक आहे.

तीन पायांची खुर्ची.

चुना पाण्याखाली जितका मुरेल तितका हाताला लोण्यासारखा लागतो.

गादीखाली कानाच्या डॉक्टरांचा कागद. घड्या घालून घालून दुमडीवर फाटलेला.

शिडी, साखळीने बांधलेली. साखळीला कुलूप.

*जोत्यापासून कमरेपर्यंत*

घरात तिला बेबी म्हणत. त्रेपन्न वर्षांची झाली, केस पिकले, कचेरीत हाताखाली चार माणसं आली, तरी घरी बेबी ती बेबीच. घरात माणसं दोनच, ती आणि तिचे वडील.

वडील हाडाचे गवंडी. उभ्या आयुष्यात त्यांनी लोकांची घरं लिंपली, पण स्वतःच्या घराला बाहेरून जो चुन्याचा गिलावा केला, त्याला दुसऱ्या कोणाचा हात म्हणून लागू दिला नाही. कोणी सिमेंटचं नाव काढलं की विचारत, "अंगावर रबर ओढून झोपशील का? घाम जाईल कुठून?" समोरच्याला उत्तर सुचायच्या आत ते निघून गेलेले असत.

पावसाळा सरून भिंती वाळल्या की एक सुट्टीची सकाळ भिंत वाजवण्याची. थापीच्या लाकडी मुठीने वडील जोत्यापासून ठोकत ठोकत वर जात. गिलावा आतल्या विटेला धरून असला तर आवाज टणक येतो, आखूड. सुटला असला तर बद्द. बद्द वाजेल तिथे खडूने गोल काढायचा. मग तेवढा गोल खरवडून, वीट भिजवून, नवा चुना भरायचा. खडू धरून मागे चालायचं काम पहिल्यापासून बेबीचं. पाढे चुकले तर वडील हसत. भरीव-पोकळ चुकलं तर त्या दिवशी जेवताना कोणी बोलत नसे.

*हात पुरेल तिथवर*

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते शिडीवरून पडले. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली, चार महिने अंथरुणावर काढले. डॉक्टरांनी बेबीला बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा पडले तर उठायचे नाहीत. तिने शिडीला कुलूप घातलं आणि किल्ली कचेरीच्या खणात ठेवली. वडील म्हणाले, कुलूप तोडायला छिन्नी लागते आणि छिन्नी माझ्याकडे आहे. ते थट्टा करत नव्हते.

त्याच सुमाराला बेबीच्या लक्षात आलं की त्यांना ऐकू येईनासं झालंय. दारावरची बेल वाजून वाजून थकायची. ती मिठाचं विचारायची, ते पेपरातली बातमी सांगायचे. पण ते स्वतः त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हते, तेव्हा त्यांना अजून पत्ता नसावा असं तिने धरलं. आणि कळू द्यायचं नाही असं ठरवलं. एका वर्षात एका माणसाचं काय काय काढून घ्यायचं?

*खिडकीच्या वर*

त्या वर्षी वडिलांनी बांबूला थापी बांधली आणि खालूनच वर ठोकलं. पश्चिमेची भिंत, बोळाच्या बाजूची. तिच्या सावलीत ते रोज सकाळी खुर्ची टाकून बसत. खिडकीच्या वरच्या अंगाला मूठ आपटली आणि ते बेबीकडे वळले.

"काय म्हणते?"

बद्द. स्वच्छ बद्द. चुकायला जागाच नव्हती.

बेबीने त्यांच्या मांडीकडे पाहिलं. गोल काढला असता तर संध्याकाळच्या आत ते वर चढले असते. मिस्त्रीला गुपचूप बोलवावं, तर नव्या चुन्याचा डाग वर्षभर वेगळा दिसतो, आणि परका हात तर त्यांनी रस्त्याच्या पलीकडून ओळखला असता.

"भरीव," ती म्हणाली आणि मानही हलवली.

"पुढं चल," वडील म्हणाले.

दुसऱ्या वर्षी तिथे पुन्हा बद्द वाजलं. ती पुन्हा भरीव म्हणाली, या खेपेला जरा लवकर. तिसऱ्या वर्षी मूठ आपटायच्या आतच तिच्या तोंडून शब्द गेला. वडिलांनी नुसतं पाहिलं आणि बांबू खाली घेतला.

*खाली*

चौथ्या वर्षी भिंती वाळायच्या आतच, सकाळी अकराच्या सुमाराला, दाराएवढा गिलावा एका तुकड्यात बोळात आला. खुर्चीचा एक पाय मोडला, पाठ चेपली. वडील तेवढ्यात पाणी प्यायला आत गेले होते. इतकंच.

बेबी कचेरीतून धावत आली तेव्हा ते बोळात उभे होते. शेजारीण धुरळ्यात पाणी मारत होती आणि देव पावला, देव पावला म्हणत होती. वडिलांनी एक तुकडा उचलून उलटा केला. मागची बाजू काळी पडली होती. ती त्यांनी अंगठ्याने चोळली, वास घेतला, आणि तुकडा जपून, काठाला धक्का लागणार नाही असा, खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. हा वडिलांच्या हाताखाली शिकलेला. आता त्याचेही गुडघे कुरकुरत होते. परांची बांधून त्याने वरचं सगळं ठोकून पाहिलं. खडू कमी पडला. काका, ही काल-परवाची गोष्ट नाही, तो वरून म्हणाला, तीन-चार वर्षं पाणी आत शिरतंय, तुमच्या कानातून हे सुटलं कसं? वडिलांना अर्थात ऐकू गेलं नाही. बेबीला गेलं.

संध्याकाळी वडिलांनी तिला खोलीत बोलावलं. गादीखालून एक कागद काढून तिच्या हातात दिला. कानाच्या डॉक्टरांचा. तिने तारीख पाहिली. ते अंथरुणातून उठले त्याच महिन्यातली, तिच्या पहिल्या 'भरीव'च्याही आधीची. दोन्ही कान गेल्याचं त्यात लिहिलं होतं.

"त्यांच्याकडं जा," वडील म्हणाले. "माणूस बरा आहे. मला कुठं ऐकू येत होतं? म्हणून तर तुला शेजारी उभं करायचो. पण आपल्या घराण्यातच आहे हे. माझ्या बापाचे गेले, माझे गेले. आता तुझेही जायला लागलेत. लाजू नकोस. मी लाजलो, तू नको लाजू."

आणि त्यांनी तिच्या कानामागे हात फिरवला, लहानपणी ताप पाहत तसा.

*सगळ्यांसमोर*

 सकाळी मिस्त्री परांचीवर होता, शेजारीण खिडकीत होती, वडील बोळात उभे राहून वर पाहत होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, माझे कान चांगले आहेत."

त्यांनी कानाशी हात नेला.

ती मोठ्याने म्हणाली. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. अशा गोष्टी माणूस खाली मान घालून, कुजबुजत सांगतो. तिला ओरडावं लागलं. एकेक शब्द सुटा करून, बोळभर ऐकू जाईल असा.

"मला ऐकू येत होतं. पोकळ होतं. तिन्ही वर्षं. मी खोटं सांगितलं."

वर हातोडी थांबली. शेजारणीने खिडकी ओढून घेतली, पण पुरती लावली नाही.

"का?" वडिलांनी विचारलं.

"तुम्ही शिडीवर चढला असता."

"चढलो असतो," ते म्हणाले.

 मग वर बघून त्यांनी मिस्त्रीला खूण केली की सगळं काढ, जोत्यापर्यंत, उघडी वीट दिसू दे. पाच दिवस भिंत उतरत होती. पाचही दिवस ते रोज तिच्याबरोबर जेवले, भाजी छान झाली म्हणाले, कचेरीतलं विचारलं. रागाचा एक शब्द निघाला नाही. तिने रागाची वाट पाहिली.

नवा गिलावा मिस्त्रीनेच केला. पुढच्या वर्षी भिंती वाळल्यावर वडिलांनी सुट्टीच्या सकाळी त्यालाच बोलावून घेतलं. मिस्त्री ठोकत गेला, आणि प्रत्येक ठोक्याला वडील त्याच्या तोंडाकडे पाहत होते. बेबी चहा घेऊन बाहेर आली. पश्चिमेच्या भिंतीपाशी कप द्यायला ती थांबली, तेवढ्यात मूठ आपटली. टणक, आखूड आवाज. "भरीव आहे, बाबा," ती मोठ्याने म्हणाली.

वडिलांनी तिच्या हातातून कप घेतला आणि मिस्त्रीकडे वळून विचारलं, "काय म्हणते?"

ती पहिल्यांदा खोटं बोलली त्या वर्षी पोकळ जागा बशीएवढी होती.