पलंगाखालची विजेची चादर

मोसेलेनं पाठवलेली विजेची चादर जूनच्या पहिल्या आठवड्यात, हिवाळा लागता लागता, टॅक्सीच्या टपावरून आली, आणि ऑगस्ट सरत आला तरी तिची प्लास्टिकची पिशवी फुटली नव्हती. खोआबानेनं ती पलंगाखाली ढकलून दिली होती, रिकाम्या पोत्यांच्या मागे.

मोसेले त्याची एकुलती एक मुलगी. खाली राजधानीत, मासेरूच्या कारखान्यात जीनच्या पँटी शिवायची. रविवारी तिचा फोन यायचा.

"बाबा, चादर लावता ना?"

"लावतो की."

"गरम होते ना नीट?"

"होते म्हणजे? पाठ अशी शेकून निघते!"

एवढं बोलून तो मेंढ्यांचा विषय काढायचा. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. फोन ठेवल्यावर तो उगाच अंगणात जाऊन दोन-चार दगड इकडचे तिकडे करी.

तसं नव्या वस्तूंशी त्याचं वाकडं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी विजेचे खांब डोंगर चढून गावात आले तेव्हा खड्डे खणायला तोच पुढे होता. त्याआधी फोन चार्ज करायचा तर दोन तास उतरून दुकानापर्यंत जावं लागे. आता घरात बसल्या जागी फोन चार्ज होतो, दिवा लागतो, सेल न घालता रेडिओ चालतो, याचं त्याला कौतुकच होतं.

पण चादरीचं निराळं होतं. त्याची बायको मामोसेले तीन हिवाळ्यांपूर्वी गेली, जुलैमध्ये, याच पलंगावर. छातीत कफ भरला होता आणि बर्फानं खालचा रस्ता बुजला होता. त्यानं घरात होतं नव्हतं ते सगळं तिच्या अंगावर घातलं. तिची घोंगडी, स्वतःची घोंगडी, कोट, शेवटी दारावरचा पडदासुद्धा. तरी ती म्हणत राहिली, "पाय गार पडलेत हो. पाय." तो हातांनी पाय चोळत बसला होता. वीज आली ती त्याच्या पुढच्या वर्षी. ती गेल्यापासून तो तिच्या त्या विटक्या तपकिरी घोंगडीतच निजत होता. ती मधोमध विरली होती, पहाटे गुडघे आखडून जात. मामोसेलेला जी ऊब मिळाली नाही ती आपण कुठल्या तोंडानं घ्यायची, असं त्याला वाटे. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते त्याला वाटलंच नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या मंगळवारी सकाळी त्यानं दार उघडलं तर बर्फ गुडघ्याला लागलं. मेंढ्यांच्या दगडी कुंपणाच्या वाडग्यात दोन मेंढ्या दिवस भरण्याआधीच व्यायल्या होत्या. एकीला जुळं झालं होतं, त्यातलं एक कोकरू लाकडासारखं ताठ झालेलं. उरलेली दोन धुगधुगत होती. त्यानं ती घोंगडीत गुंडाळली आणि घरात आणली.

चूल पेटेना. गोवऱ्यांच्या ढिगावरचा पत्रा वाऱ्यानं उडाला होता आणि सगळ्या गोवऱ्या भिजून गेल्या होत्या. फुंकून फुंकून त्याचे डोळे लाल झाले, घरभर धूर झाला, जाळ काही धरेना.

तेवढ्यात शेजारची मासेनाते आली. त्याच्याच वयाची विधवा बाई, जिभेनं तिखट, पण गावात कुणाच्या घरी काही झालं की पहिली हजर. पायांत गमबूट, डोक्याला शाल.

"धूर बघून आले. म्हटलं घरच जाळताय की काय." मग तिला कोकरं दिसली. ती खाली बसली, एकाला मांडीवर घेऊन त्याच्या तोंडात बोट घातलं. "गारढोण आहे की हो आतून! आता काय फुंकरीवर जगवणार यांना?"

"गोवऱ्या भिजल्यात."

"माझ्याही. पुसायला काहीतरी द्या आधी."

त्यानं पलंगाखालच्या पोत्यांकडे बोट दाखवलं. मासेनातेनं वाकून पोतं ओढलं, आणि त्याच्यामागून पिशवी घसरत बाहेर आली. पिशवीवर गादीवर निजलेल्या बाईचं चित्र होतं, हसऱ्या तोंडाचं.

"हे काय? ही तर विजेची! माझ्या बहिणीकडे आहे अशी. न्ताते," पुरुषाला मानानं हाक मारायची तशी ती म्हणाली, "घरात ही असताना तुम्ही चूल काय फुंकत बसलाय?"

"ते नको."

"का? कुणाच्या लग्नात आहेर करायचाय?"

"मोसेलेनं पाठवलीय," तो पुटपुटला. तिच्या मांडीवरच्या कोकरानं एकदा पाय झाडला आणि मान टाकली. खोआबानेनं खिशातला चाकू काढला आणि पिशवी फाडली.

दोघांनी कोकरं खरखरीत पोत्यानं चोळून कोरडी केली. चादर अंथरली, वर कोरडं पोतं घातलं, वर कोकरं ठेवली, आणि त्यांच्यावर तपकिरी घोंगडी. बटणाशी लाल दिवा लागला. थोड्या वेळानं खोआबानेनं पोत्याखाली हात घातला. उन्हात तापलेल्या दगडासारखं लागलं. त्यानं हात लगेच काढला नाही.

मासेनातेनं वाडग्यात जाऊन मेंढीचा चीक काढून आणला. बोटानं, थेंबाथेंबानं, दोघं पाजत राहिली. दुपारी थोरल्या कोकरानं डोकं उचललं.

आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. मोसेलेनं रेडिओवर बर्फाची बातमी ऐकली होती.

"बाबा, बरे आहात ना? चादरीत बसून राहा हां आज."

"बसलोय की."

कोकरू ओरडलं.

"घरात कोकरू आहे?"

"आहे एक... दोन."

"पलंगावर लोळताहेत, तुझ्या चादरीवर!" मासेनाते मागून ओरडली. "आज फोडली पिशवी तुझ्या बापानं."

मग मोसेले हळू म्हणाली, "तीन महिने मला सांगत होता पाठ शेकते म्हणून."

मासेनातेनं जीभ चावली, आणि भांडं घेऊन बाहेर गेली.

"पोरी," खोआबाने म्हणाला, आणि अडखळला. "तुझ्या आईचे पाय गार होते गं. शेवटपर्यंत. मला नाही करता आले गरम. मग मी कसा..."

पलीकडे शिलाईच्या यंत्रांचा आवाज येत होता.

"मी तर तिचे पाय चोळायलाही नव्हते, बाबा," मोसेले म्हणाली. "रस्ता बंद म्हणून इथेच अडकले. दुकानात ती चादर दिसली तेव्हा मला आईच आठवली. तिला द्यायला उशीर झाला होता, म्हणून तुम्हाला पाठवली. आणि तुम्ही ती तशीच ठेवलीत."

खोआबानेनं डोळे पुसले. "धुरानं डोळे चुरचुरतात," तो म्हणाला, जणू ती समोरच होती.

"कोकरं कोरडी करून ठेवलीत ना? ओलं चालत नाही तिला."

"पोतं घातलंय मधे."

"मग तुम्हीही पाय घाला त्या पोत्यावर. आत्ता. माझ्या देखत."

"देखत कुठे, फोनवर आहेस."

"घाला म्हणते ना!"

त्यानं गमबूट काढले, मोजे काढले, आणि पलंगाच्या कडेला बसून पाय आत सरकवले. एक कोकरू त्याच्या घोट्याला नाक लावून चोखायला लागलं. मासेनाते परत आली तेव्हा तो भिंतीला टेकून झोपला होता, तोंड उघडं, फोन मांडीवर. तिनं दार हळूच लोटून घेतलं.

गुरुवारी ऊन पडलं. जुळ्याची आई कोकराला जवळ घेईना. अंगाला माणसाच्या अंथरुणाचा वास येत होता, ती हुंगून लाथ मारी. खोआबानेनं तिच्याच दुधानं कोकराचं अंग माखलं, तिला गुडघ्यांत दाबून धरलं, मासेनातेनं कोकराचं तोंड सडाला लावलं. दोघं चिखलात बरबटली, मेंढी दोनदा निसटली. तिसऱ्या खेपेला कोकरू लुचायला लागलं, त्याची शेपटी थरथरायला लागली, तेव्हा मासेनाते म्हणाली, "आता सोडा तिला. तुम्हीच जास्त बावरलाय."

शनिवारी खोआबानेनं मुलीला फोन लावला. रविवारपर्यंत त्याला दम निघाला नाही.

"ही धुवायची कशी? कोकरांनी सगळी घाण केलीय."

"वायर काढा आधी. पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. आणि पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. दोन दिवस तरी जातील."

"दोन दिवस?" खोआबानेचा आवाज चढला. "मग तोवर मी निजू कसा?"

पलीकडे मोसेले हसायला लागली ती थांबेचना.