घासतंय नेमकं कुठे

माझी ताई दातांची डॉक्टर आणि मी टायरवाला. आईला कोणी विचारलं की मुलं काय करतात, तर ती म्हणते, "एक तोंडात डोकावते, दुसरा गाडीखाली. दोघांचीही मान अवघडलेली असते."

त्या बुधवारी मी दुकानाचं शटर वर करून कॉम्प्रेसर चालू केला, तोच ताईची जुनी बदामी गाडी समोर येऊन थांबली. ती स्वतः चालवत होती. शेजारी भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, मांडीवर अख्खा टायर घेऊन बसले होते, लहान मूल धरावं तसे दोन्ही हातांनी. आणखी दोन टायर मागच्या सीटवर होते आणि एक डिकीत. भाऊजी ग्रंथपाल आहेत. दिवसभर लोकांना शांत बसायला सांगून त्यांना स्वतःलाच ती सवय लागली आहे. त्यांनी काच खाली केली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुन्हा टायर सावरला.

"हे बसवून दे," ताई उतरत म्हणाली.

टायर कोरे करकरीत होते, रबराचे बारीक केस अजून अंगावर होते. मी बाजूवरचा आकडा वाचला. एकशे पंच्याण्णव. तिच्या गाडीला एकशे पासष्टचे टायर होते. म्हणजे हे तीन सेंटिमीटरने जास्त रुंद.

"कुठून आणलेस?"

"पुलापलीकडच्या दुकानातून."

सख्खा भाऊ वीस वर्षं टायर विकतोय आणि ताई पुलापलीकडे जाते. मी पाना उचलला, फडक्याने पुसला. तो स्वच्छच होता.

"बसणार नाहीत," मी म्हणालो. "म्हणजे रिमवर बसतील. पण गाडीत घासतील."

"कुठे?"

"सगळीकडे."

"सगळीकडे म्हणजे कुठे ते तुला माहीत नाही," ताई म्हणाली. "माझ्याकडे रोज एक माणूस गाल धरून येतो आणि सांगतो, अख्खा जबडा दुखतोय. दुखत असतो एकच दात."

"ताई, टायरला दात नसतात."

"तू आधी बसव तर."

तिच्यापुढे माझं कधी चाललं आहे? मी गाडी जॅकवर घेतली. बसवताना मला एक मान्य करावं लागलं. ज्याने कोणी तिला हे माप सुचवलं होतं, त्याला काम कळत होतं. रुंदी वाढवली तशी उंची त्याच हिशोबाने कमी केलेली होती, त्यामुळे चाक एकूण उंचीला जवळपास पहिल्याइतकंच होतं. रिमही चालण्याजोगी होती. आतल्या बाजूला, टायर आणि शॉकॲब्झॉर्बरच्या मध्ये, माझं बोट आरामात जात होतं. पण बाहेरच्या बाजूला टायर मडगार्डच्या कडेला इतका खेटून होता की जणू गर्दीत दोन माणसं खांद्याला खांदा लावून उभी असावीत.

गाडी खाली उतरवली. मी स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण फिरवलं, काही नाही. डावीकडे पूर्ण फिरवलं, तर पुढून कुठूनतरी हलकंसं खर्र झालं.

"बघ," मी म्हणालो.

"एवढंच ना," ताई म्हणाली. ती चार पावलं मागे सरकून गाडीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी फार दिवसांनी बघत होतो. "पहिल्यांदा नीट पाय रोवून उभी राहिलीय बघ. इतके दिवस काड्यांवर उभी असल्यासारखी दिसायची."

आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं म्हणून ती लगेच निघाली. वळताना तेवढं स्टिअरिंग पूर्ण फिरवू नकोस, असं मी सांगितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं पंक्चर काढायला घेतलं.

दोन तासांत गाडी परत दारात. आता पुढच्या सीटवर भाजीच्या पिशव्या आणि मागे आई, मावशी आणि भाऊजी, तिघं खेटून बसलेले. आईने काच खाली केली.

"तुझी गाडी खाकरतेय," ती मला म्हणाली.

"माझी नाही, ताईची."

"चाकं तू लावलीस ना? शाळेपुढच्या गतिरोधकावर खाकरली, दवाखान्यापुढे खाकरली. मावशीला वाटलं, मीच खाकरले. तिने मला पाणी दिलं."

मावशीने मान डोलावली. तिच्या हातात अजून पाण्याची बाटली होती.

म्हणजे मागच्या सीटवर वजन पडलं की गाडी मागून दबत होती, आणि गतिरोधकावर चाक वर गेलं की टायर मडगार्डच्या आतल्या कडेला लागत होता. मला हे अपेक्षित होतं. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. पुलापलीकडून टायर आणले की असं होतं.

"आता दोन्हीकडच्या मागच्या कडा ठोकून आत वळवाव्या लागतील," मी म्हणालो, "आणि पुढच्या मडगार्डमधलं प्लास्टिकचं अस्तर दोन्ही बाजूंनी कापून टाकायचं. एकदाचं काम होऊन जाईल."

"दोन्हीकडे घासतंय का?"

"घासत असणार."

"असणार," ताई म्हणाली. तिने घड्याळात बघितलं. "मी वीस मिनिटांत येते. कशालाही हात लावू नकोस."

तिचा दवाखाना पुढच्याच चौकात आहे. ती चालत गेली. आई आणि मावशी दुकानातल्या दोन खुर्च्यांवर बसल्या, मी चहा मागवला. भाऊजी एका जुन्या टायरांच्या चवडीवर बसले आणि त्यांनी खिशातून पुस्तक काढलं.

"ही असं काय करतेय?" मी त्यांना विचारलं. "बावीस वर्षं हीच गाडी, याच मापाचे टायर. आता मध्येच काय?"

भाऊजींनी पानात बोट घातलं. "रोज येता-जाता ती पार्किंगमधल्या गाड्यांची चाकं बघते," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. मला वाटायचं, काही हरवलंय." आणि पुन्हा वाचायला लागले. भाऊजींच्या मानाने हे भाषणच होतं.

ताई परत आली ती हातात पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ आणि एक छोटी पेटी घेऊन. पेटीत निळ्या कागदाच्या पट्ट्या होत्या. दातात नवं सिमेंट भरलं की डॉक्टर हा कागद दातांमध्ये ठेवतात आणि चावायला सांगतात. जिथे सिमेंट वर आलेलं असतं, तिथे निळा डाग उमटतो, आणि तेवढंच घासून काढायचं. हे मला माहीत होतं, कारण माझ्या तीन दाढा तिनेच भरल्या आहेत.

ती जमिनीवर बसली. चांगला कुर्ता होता अंगात, पण तिने पर्वा केली नाही. चारही मडगार्डच्या आतल्या कडेला तिने पांढरी पट्टी लावली आणि तिच्यावर निळा कागद, एकाला एक जोडून, नीट चिकटवत गेली. पुढच्या अस्तरालाही तसंच. तिची बोटं भराभर चालत होती. मी नुसता टॉर्च धरून उभा.

"थोडा डावीकडे," ती म्हणाली. "अजून. हं, आता हलवू नकोस." तीस वर्षं ती मदतनिसाला हेच सांगत आली असेल.

मग सगळे पुन्हा गाडीत. मावशी म्हणाली, ती इथेच थांबते, पण ताई म्हणाली, वजन तेवढंच लागेल. मावशी जरा दुखावली, आई हसली, आणि आम्ही निघालो. ताई चालवत होती, मी तिच्या शेजारी. शाळेपुढच्या गतिरोधकावर एकदा खर्र झालं. मोकळ्या मैदानापाशी तिने डावीकडे पूर्ण वळून दोन चकरा मारल्या, तेव्हा पुढून खर्र झालं. आईने प्रत्येक वेळी "आत्ता" असं जाहीर केलं.

दुकानात आल्यावर कागद काढले. मी टॉर्च घेऊन एकेक पट्टी बघत गेलो. मागे डावीकडे पट्टी स्वच्छ. मागे उजवीकडे वीतभर लांब निळा डाग. पुढे उजवीकडे काही नाही. पुढे डावीकडे, अस्तराच्या एका स्क्रूपाशी, अंगठ्याच्या नखाएवढा ठिपका. एवढंच.

मी पुन्हा एकदा चारही बघितल्या. तसंच होतं. जुन्या गाडीचा मागचा भाग थोडा एका बाजूला सरकलेला असतो, काही मिलिमीटर, कोणाला दिसतही नाही. मी दोन्ही कडा ठोकल्या असत्या आणि चांगलं अस्तर कापून टाकलं असतं.

ताई वापरलेले कागद गोळा करायला लागली. "बघ" म्हणाली असती तर परवडलं असतं.

अस्तराचं काम दहा मिनिटांचं होतं. मी ते गरम हवेने मऊ केलं, मागे दाबलं आणि स्क्रू बोटभर वर घेतला. मागची कड मात्र सावकाश करायची गोष्ट. रंग आधी सगळीकडून सारखा तापवावा लागतो आणि मग रोलरने कड थोडी थोडी आत वळवत न्यायची. पत्रा वळतो, पण घाई केली की वरचा रंग तडकतो. मी हे कित्येकदा केलं आहे. पण त्या दिवशी समोर आई, मावशी, भाऊजी आणि ताई असे चौघं रांगेत बघत होते, आणि शेवटच्या चार बोटांना मी जोर जरा जास्त लावला. बारीक टक् असा आवाज आला.

मी रोलर खाली ठेवला. केसाएवढी रेघ, पण बदामी रंगावर दिसत होती.

"गेला रंग," मी म्हणालो. "माझी चूक."

ताई वाकून बघू लागली. तिने रेघेवरून बोट फिरवलं.

"माझ्याहीकडून कधी कधी जास्त घासला जातो दात," ती म्हणाली. "मग परत भरते. पत्रा बाहेर आलाय का?"

"नाही. नुसता वरचा थर."

"मग त्यावर रंग लावू. माझ्याकडे बारीक ब्रश आहेत."

आई आणि मावशी चहाचे कप ठेवायला आत गेल्या, भाऊजी पुस्तकात. मी गरम हवेच्या यंत्राची तार गुंडाळत होतो. एकदाचं विचारून टाकलं.

"माझ्याकडून का नाही घेतलेस?"

"टायर?"

"हो, टायर."

ती उकिडवी बसली होती ती तशीच राहिली. "तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"म्हणालो असतो."

"आणि तू नाही म्हणालास की मी ऐकते. गाडीच्या बाबतीत मी दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही. मग ते टायर कधीच आले नसते." तिने गुडघे झटकले. "मला हवे होते रे. काही कारण नाही. नुसते हवे होते."

मी म्हणालो, "हवा थोडी जास्त भरून देतो. आणि दोन दिवसांनी नट परत घट्ट करायला आण." ती बरं म्हणाली.

शेवटची फेरी पाच जणांनी भरलेल्या गाडीतून झाली. गतिरोधकावर कोणी श्वासही घेतला नाही. गाडी वर गेली, खाली आली, आणि आवाज आला नाही. मैदानापाशी ताईने डावीकडे पूर्ण वळण घेतलं, उजवीकडे घेतलं. काही नाही. स्टिअरिंग जरा जड झालंय, असं ती म्हणाली. रुंद टायरला तेवढं असतंच, मी म्हणालो.

मला वाटलं, आता ती दुकानाकडे वळेल. तिने वळवली नाही. माझं दुकान उघडं होतं, शेजारच्या चष्मेवाल्याला मी पाच मिनिटांत येतो म्हणून सांगून आलो होतो. ताई सरळ बाहेरच्या रस्त्याला लागली, तलावापर्यंत. तिथे झाडाखाली गाडी लावली, उतरली आणि मागे न बघता वीस पावलं चालत गेली. मग वळली आणि उभी राहिली.

"काय झालं तिला?" मावशीने विचारलं.

"गाडी बघतेय," भाऊजी म्हणाले, आणि तेही उतरून तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

आई उतरली नाही. तिने पाय पुढे ताणले. "बसायला मात्र पहिल्यापेक्षा बरं वाटतंय," ती म्हणाली. टायर बदलून सीट बदलत नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

परत येताना ताईने किल्ली माझ्याकडे दिली आणि स्वतः मागे आईच्या शेजारी जाऊन बसली. तलावापाशी गाडी वळवायला जागा भरपूर होती, अर्ध्या वळणात काम झालं असतं. मी स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवलं आणि कान देऊन ऐकत एक अख्खी चक्कर पुरी केली. मग आणखी एक.

"दुकान उघडं आहे ना तुझं?" ताई मागून म्हणाली.

"आहे," मी म्हणालो, आणि रस्त्याला लागलो.