मिस हॅडफील्डचं पुरळ

इंग्लंडमधल्या मॅटलॉकच्या डोंगरावरच्या त्या जलोपचारगृहात कुणाच्या अंगावर पुरळ उठलं की लोक अभिनंदन करत. थंड पाण्याने आतलं सगळं विष बाहेर काढलं, असा त्याचा अर्थ. जेवताना आजारांचं नाव काढायला बंदी होती, पण पुरळाला सूट. एखाद्या पाद्रीबुवांच्या पोटावर ते उठलं, तर मुलगा झाल्यासारखा आनंद होई.

केझाया वॅग तिथे बायकांना ओल्या चादरीत गच्च गुंडाळायचं काम करी. आतल्या बाईला स्वतःचं नाकसुद्धा खाजवता येत नसे, म्हणून केझाया शेजारी बसून तेही करी आणि गप्पा मारी. मिस लेटिस हॅडफील्डचं नाक ती कित्येक उन्हाळे खाजवत आली होती. ओल्डहॅमला भावाचं घर सांभाळणारी ही पन्नाशीची बाई. मनातलं बोलायला तिला जगात दुसरं कुणी नव्हतं. खरं सांगायचं तर केझायालाही नव्हतं.

या वर्षी निघतानाच भाऊ एबेलने तिला बजावलं होतं, "इतकी वर्षं भिजतेस, काडीचा फरक नाही. शनिवारी येतो मी. गुण दिसला तर राहा, नाहीतर सामान बांध. पुन्हा मॅटलॉकचं नाव काढायचं नाही!"

केझाया रोज चादर सोडून आशेने बघे. मिसबाईंचं अंग आपलं लोण्यासारखं नितळ.

शनिवारी सकाळी मात्र मिस हॅडफील्ड नाश्त्याला आल्या त्या हात, मान लालभडक करूनच. डॉक्टर पिंबल खुर्चीवरून उठले, टाळ्या पडल्या. केझायाला तर मिठी मारावीशी वाटली.

मग खोलीत तिने मिसबाईंच्या झग्याची बटणं काढली आणि तिचा चेहरा पडला. पोट लाल होतं, पाठ मात्र कोरी. हात पोचत नव्हता तिथे पुरळही पोचलं नव्हतं.

"मिसबाई, कुंपणाजवळच्या खाजकोलतीची पानं अंगाला चोळलीत ना?"

"मग काय करू?" मिस हॅडफील्ड रडवेल्या झाल्या. "एबेल खाली आलाय. डॉक्टर त्याला घेऊन येतायत."

"अहो, पण डॉक्टर आधी पाठच बघतात! अक्कल कुठे गहाण टाकलीत? आणि एवढी आग सोसायची ती कशासाठी?"

"तुझ्यासाठी, बावळट!"

केझाया मागच्या जिन्याने धावत गेली आणि एप्रनमध्ये पानं भरून आली.

"वळा," ती म्हणाली.

"जोरात घास. आई गं! थांबू नकोस हं."

पानं पलंगाखाली जेमतेम गेली आणि दारावर टकटक झाली. एबेल लाजून दाराबाहेरच थांबला. डॉक्टरांनी पाठ पाहिली आणि ते हर्षाने जवळजवळ ओरडलेच, "पाठभर! एबेलसाहेब, हे अंगावर असेपर्यंत बहिणीला इथून हलवायचं नाही!"

"अहो पण, राहणार किती दिवस हे?" बाहेरून प्रश्न आला.

डॉक्टरांनी केझायाकडे पाहिलं. असल्या बाबतीत तिचा अंदाज चुकत नसे.

केझायाने सुजलेले हात एप्रनखाली लपवले आणि खिडकीतून कुंपणाकडे नजर टाकली. तिथे हिरवंगार रान माजलं होतं.

"बर्फ पडेपर्यंत तरी राहील, साहेब," ती म्हणाली.

मिस हॅडफील्डच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. डॉक्टरांना वाटलं, पाठीची आग होत असेल.